धाराशिवचा हत्ती, नांदणीची हत्तीण



पत्रिकेवर विषय छापलाय 'हिंदू मंदिरजीवनातील हत्तीचे सांस्कृतिक व धार्मिक स्थान'. एवढा मोठा मथळा वाचून तुम्ही आलात याबद्दल आभार. मघाशी खाली चहा घेताना एकानं विचारलंच, "सर, धाराशिवात बसून हत्तीवर काय बोलणार? आपल्याकडं हत्ती आहे कुठं?" प्रश्न रास्त आहे. तुळजापूरच्या महाद्वारात हत्ती झुलताना मी कधी पाहिला नाही, तेरला गोरोबाकाकांच्या देवळातही नाही. आणि तरीही या विषयावर बोलायला धाराशिवसारखी दुसरी जागा नाही असं मला वाटतं. का, ते सांगतो.

गावाजवळच्या डोंगरातली लेणी तुम्ही सगळ्यांनी बघितली असतील. ती मुळात बौद्ध की जैन हा वाद जुना आहे, त्यात आज शिरत नाही. पण या लेण्यांची एक कथा अपभ्रंश भाषेतल्या एका काव्यात आलेली आहे. काव्याचं नाव 'करकंडचरिउ', कवी कनकामर मुनी, काळ साधारण अकरावं शतक. हीरालाल जैन यांनी ते संपादित केलं आणि विदर्भातल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत १९३४ साली ते छापलं गेलं. त्या काव्यातलं तेरापूर म्हणजे आपलं तेर आणि त्या डोंगरातलं लेणं म्हणजे आपली धाराशिवची लेणी, हे त्यांनीच दाखवून दिलं.

कथा अशी. चंपानगरीची राणी पद्मावती गरोदर असते. तिला डोहाळा होतो, राजाबरोबर हत्तीवर बसून पावसाच्या सरीत हिंडायचा. निघतात दोघं. हत्ती बिथरतो आणि रानाकडं पळत सुटतो. राजा एका झाडाची फांदी धरून वाचतो, राणीला मात्र हत्ती घेऊन जातो. पुढं ती दंतीपूरच्या स्मशानात बाळंत होते. तोच मुलगा करकंड. तो मोठा होतो तेव्हा दंतीपूरचा राजा निपुत्रिक वारतो, आणि प्रथेप्रमाणं राज्याचा हत्ती पाण्याचा कलश देऊन सोडला जातो. तो ज्याच्या डोक्यावर पाणी ओतेल तो राजा. हत्ती फिरत फिरत येतो आणि करकंडाच्या डोक्यावर कलश रिता करतो. म्हणजे एका हत्तीनं त्याला आईच्या पोटात असताना बापापासून तोडलं, दुसऱ्यानं राज्य दिलं. आणि तिसरा हत्ती आपला, धाराशिवचा.

करकंड दक्षिणेच्या स्वारीवर तेरापूरजवळ तळ ठोकतो. तिथला राजा त्याला सांगतो, जवळच्या डोंगरात एक लेणं आहे, त्याच्या वर एक मोठं वारूळ आहे, आणि एक हत्ती रोज तिथं येतो. सोंडेत पाणी आणतो, कमळ आणतो, वारुळावर पाणी शिंपडतो, कमळ वाहतो आणि निघून जातो. करकंड जाऊन बघतो आणि मनात म्हणतो, हत्ती पूजा करतोय म्हणजे आत काही तरी असणार. वारूळ खणतात. आत पार्श्वनाथाची मूर्ती निघते.

या गोष्टीत कोण काय करतंय ते नीट बघा. पूजा हत्ती करतो. देव कुठं आहे हे माणसाला ठाऊक नाही, हत्तीला ठाऊक आहे. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो येतो आणि जातो. त्याला तिथं कुणी बांधलेलं नाही. त्याच्या पायात साखळी नाही, अंगावर झूल नाही, मानेवर माहूत नाही. कुणी म्हणेल, ही जैन कथा झाली, हिंदू नव्हे. पण हाच साचा दक्षिणेतल्या शैव स्थळांच्या कथांमध्ये सापडतो. श्रीरंगमजवळच्या जंबुकेश्वराला हत्ती सोंडेनं पाणी घालायचा आणि कोळी वर जाळं विणून सावली धरायचा, त्या दोघांचं भांडण झालं. श्रीकालहस्तीच्या नावातच कोळी, साप आणि हत्ती हे तिघं भक्त बसलेले आहेत. गजेंद्रमोक्ष तर घराघरात माहीत आहे. तिथंही हत्ती तळ्यातून कमळ उचलून देवाला हाक मारतो, आणि देव धावत येतो तो हत्तीला नक्राच्या तावडीतून सोडवायला. मोक्ष या शब्दाचा साधा अर्थच सुटका.

म्हणजे आपल्या कथांमध्ये हत्ती भक्त आहे. वाक्यात कर्त्याच्या जागी आहे. आणि आपल्या प्रथेत तो कर्माच्या जागी आहे: हत्ती अर्पण केला, हत्ती सजवला, हत्ती नेला, हत्ती आणला. हा बदल कुठं झाला, कसा झाला, आणि आपण त्याकडं डोळेझाक का करतो, एवढाच माझा आजचा मुद्दा आहे.

बदल राजवाड्यात झाला. मध्ययुगात देवळाची पूजा राजाच्या दिनक्रमावर बेतली गेली. देव पहाटे उठतो, स्नान करतो, दरबार भरवतो, नैवेद्य घेतो, शेजेला जातो. छत्र, चामर, मशाल, चौघडा हे सगळे राजोपचार आहेत. राजाच्या दारात हत्ती, म्हणून देवाच्या दारात हत्ती. बेलाच्या पानाला किंवा तुळशीला जसं पूजेत स्वतःचं स्थान आहे तसं जिवंत हत्तीला नाही. तो वैभवाचा भाग आहे, सत्तेचा भाग आहे. आपला हा मुलूख तर कल्याणीच्या चालुक्यांचा. उमरग्याच्या पलीकडं गेलं की बसवकल्याण. तिथं बाराव्या शतकात सोमेश्वर तिसरा राज्य करत होता. त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आपण मराठीवाले जुन्या मराठी ओळी शोधायला जातो. त्याच ग्रंथात हत्ती कुठल्या रानात सापडतात, कसे पकडायचे, कसे शिकवायचे, त्यांचे खेळ कसे लावायचे हे बारकाईनं आलेलं आहे. राजाला हत्ती लागतो युद्धाला, मिरवणुकीला आणि करमणुकीला. करमणूक म्हणजे काय हे बघायचं असेल तर कोल्हापूरच्या साठमारीच्या आखाड्याची माहिती काढून वाचा.

पुढं संस्थानं गेली, युद्धातला हत्ती गेला. देवळा-मठाच्या दारातला हत्ती तेवढा उरला. आणि तो काही एका धर्माचा नाही. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. त्या हैदराबादेत मोहरमच्या दहाव्या दिवशी बीबी का अलम हत्तीवरूनच निघतो, आणि अलीकडं त्यासाठी कर्नाटकातून हत्तीण आणावी लागली आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तो जैन मठात होता. केरळात देवस्वमांकडं आहे. म्हैसूरला दसऱ्यात चामुंडेश्वरीची साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी त्याच्या पाठीवर असते. धर्म कुठलाही असो, पाठ त्याचीच.

आता एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय, कारण आपल्या भागाला तिचा अभिमान वाटायला हवा. मराठी भक्तिपरंपरेनं हत्तीला फार जागा ठेवलीच नाही. पंढरीची वारी बघा. पादुका, पालखी, पताका, मृदंग. रिंगणाला घोडा असतो हे खरं, आणि त्या घोड्याच्या हालाबद्दलही कधी तरी बोललं पाहिजे. पण वारीची मूळ कल्पना आपल्या पायांनी चालण्याची आहे. तुळजापूरला छबिना निघतो, देवी वाहनावर बसते, मंदिराला प्रदक्षिणा होते. वाहन घडवलेलं असतं, ते चारा खात नाही. सीमोल्लंघनाला देवी पालखीत बसते आणि ती पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, माणसांच्या खांद्यावर. महाराष्ट्राच्या कुलस्वामिनीला जिवंत हत्तीवाचून काही कमी पडल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. गरिबी हे त्याचं एक कारण असेल. असेना.

दगडात आणि धातूत मात्र हत्ती भरपूर आहे. वेरूळच्या कैलासाचं अख्खं जोतं हत्तींनी पेललंय. गजथर हा तर आपल्याकडच्या जुन्या मंदिरांच्या अधिष्ठानाचा ठरलेला थर. घराच्या दारावर गजलक्ष्मी असते. पुराणांत सोळा महादानं सांगितली आहेत, त्यात हत्तींचा रथ आहे, पण ते हत्ती सोन्याचे. आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात ती हस्तिदंती बाहुली आहे, इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं ते शहर आणि आपलं तेर यांच्यातला व्यापार तिच्यामुळं डोळ्यांपुढं उभा राहतो. आपण ती बघतो, वा म्हणतो, बाहेर पडतो. दात कुणाचा हे काचेच्या कपाटावर लिहायची पद्धत जगात कुठंच नाही, तर तेरला तरी का असावी?

असो. नांदणीकडं येतो.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात महादेवी नावाची हत्तीण होती. गावाची ती माधुरी. १९९२ साली ती कर्नाटकातून मठात आली. २०२५ च्या जुलैत तिचं वय छत्तीसच्या आसपास सांगितलं गेलं. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या केंद्रात हलवायचा आदेश दिला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं मठाचं अपील फेटाळलं आणि तिला नेलं. नेताना काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. हजारो माणसं रस्त्यावर. बायका ओवाळतायत, रडतायत, पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडतायत. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीवर मूक मोर्चा गेला. लोकांनी एका कंपनीची सिमकार्डं बदलून टाकली. मग मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, आणि जामनगरच्या संस्थेनं नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली.

त्या वेळी दोन प्रकारचे लेख वाचायला मिळाले. एका बाजूला, "हत्ती आमची अस्मिता, शतकांची परंपरा, बाहेरच्यांनी लुडबूड करू नये." दुसऱ्या बाजूला, "अडाणी लोक, अंधश्रद्धा, हत्तीला यातना देणारे." मला दोन्हींत दम दिसला नाही.

दुसऱ्या बाजूचं आधी बघू, कारण मी स्वतः त्या बाजूला झुकतो आणि म्हणून तिच्याशी जास्त कडक वागलं पाहिजे. नांदणीच्या लोकांचं रडणं खोटं नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं एक जीव गावात आहे, लहान पोरं तिच्या सोंडेखालून मोठी झाली, तिला केळं देऊन शाळेत गेली. त्या माणसांना यातना देणारे म्हणणं म्हणजे काहीच न समजणं. शिवाय त्यांच्या रागात एक शहाणा भाग होता. तिला रानात नव्हतं नेलं. नेलं होतं एका बलाढ्य उद्योगसमूहाच्या आवारात, ज्या ट्रस्टच्या नावातच 'राधे कृष्ण' आणि 'टेम्पल एलिफंट' हे शब्द आहेत. पुढं सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या विशेष पथकानं चौकशी केली आणि तिथल्या कारभारात कायदेभंग आढळला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण गावकऱ्याचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. तो म्हणत होता, आमच्या मठात ठेवली तर बंदिवास आणि त्यांच्याकडं ठेवली तर कल्याण, हे कसं? गडचिरोलीच्या कमलापूरचे लोक २०२२ साली हाच प्रश्न विचारत होते. तिथं तर वनखात्याचा कॅम्प, आजूबाजूला खरं रान. तिथले हत्ती जामनगरला न्यायच्या हालचाली झाल्या तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि तो विरोध मला नांदणीच्या विरोधापेक्षा पुष्कळ सबळ वाटतो.

आता पहिली बाजू. न्यायालयानं एक वाक्याचा निवाडा दिला असं समजू नका. समितीचे अहवाल होते, पायांची अवस्था, नखं, सांधे, सिमेंटची जमीन, एकटेपण हे सगळं त्यात होतं. परवानगीशिवाय तिला तेलंगणात मोहरमच्या मिरवणुकीला नेल्याचा मुद्दाही होता. हत्तीणीचा धड जगण्याचा हक्क आणि धार्मिक कामासाठी तिला वापरण्याचा माणसांचा हक्क यांत टक्कर झाली तर पहिला वरचढ, असं न्यायालयानं म्हटलं.

पण मी न्यायालयापेक्षाही साध्या गणितापाशी थांबतो. २०२५ मध्ये छत्तीस, तर १९९२ मध्ये किती? तीन. हत्तीचं पिल्लू तीन वर्षांचं असताना बहुधा अजून आईच्या अंगावर पीत असतं. हत्तीणी कळपातून बाहेर पडत नाहीत. आई, मावशा, आजी, बहिणी असा तो बायकांचाच गोतावळा असतो आणि वडीलधारी हत्तीण त्याची कारभारीण. नर वयात आला की बाजूला होतो, मादी जन्मभर तिथंच राहते. माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खोल आवाजात त्या कोसभर अंतरावरून एकमेकींशी बोलतात. अशातली एक तीन वर्षांची पोर उचलली आणि तेहेतीस वर्षं एकटी ठेवली. तिला माया मिळाली. तिची भाषा बोलणारं मात्र कुणी मिळालं नाही.

परंपरेचं नाव घेणाऱ्यांना मी परंपराच दाखवतो. कौटिल्याचं अर्थशास्त्र काही दयेचा ग्रंथ नव्हे. तो सांगतो, हत्ती पकडायचा तो वीस वर्षांचा. दूधपितं पिल्लू, आजारी हत्ती, गाभण आणि पाजणारी हत्तीण यांना पकडू नये. आणि हस्तिवनात हत्ती मारणाऱ्याला मृत्युदंड. हे सैन्यासाठी हत्ती पुरवणाऱ्या माणसाचे नियम आहेत. 'मातंगलीला' म्हणून गजशास्त्रावरचा छोटा संस्कृत ग्रंथ आहे, नीलकंठाचा. त्यात नव्यानं पकडलेल्या हत्तीला रानाची, तळ्याची, कळपाची आठवण येऊन तो कसा झुरतो याचं वर्णन आहे. पालकाप्य मुनीची कथाही तिथंच येते. अंगदेशाच्या राजानं पिकं तुडवतात म्हणून हत्ती पकडून बांधले. पालकाप्य त्यांच्याबरोबर वाढलेला. तो शोधत शोधत आला, त्यांच्या जखमांवर पाला लावत बसला, आणि राजानं विचारल्यावर गजवैद्यक सांगू लागला. म्हणजे आपलं हत्तीचं सगळं शास्त्र या एका माणसाच्या रडण्यातून सुरू होतं, असं ते शास्त्र स्वतःच सांगतं.

आणि जैनांना तर दुसरं काही सांगायची गरज नाही, त्यांच्या आगमात मेघकुमाराची कथा आहे. रानात वणवा लागतो. एका मोकळ्या जागी सगळे प्राणी दाटीवाटीनं उभे. हत्ती अंग खाजवायला एक पाय उचलतो, तेवढ्यात त्या जागी एक ससा येऊन बसतो. पाय टेकला तर ससा मरेल, म्हणून हत्ती पाय वर धरून उभा राहतो, वणवा विझेपर्यंत. अडीच दिवस. मग पाय टेकायला जातो तर पाय आखडलेला, तो कोसळतो आणि मरतो, आणि पुढच्या जन्मी राजपुत्र मेघ होतो. अहिंसेचं याहून मोठं उदाहरण माझ्या वाचनात नाही, आणि ते हत्तीचं आहे. ही कथा शेकडो वर्षं सांगणाऱ्या समाजाला हत्तीचा पाय आणि साखळी हा विषय परक्यानं समजावून सांगावा लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. नांदणीतले वडीलधारे श्रावक ती समजून घेतील असं मला मनापासून वाटतं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलावलंय तर थोडं शास्त्र सोसा. हत्ती देवाला 'अर्पण' करतात. २००७ साली ज्योतिबाला सुंदर नावाचा हत्ती असाच अर्पण झाला, त्याचं प्रकरणही न्यायालयात गेलं, आणि २०१४ च्या जूनमध्ये त्याला बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला हलवलं. अर्पण, दान, त्याग या क्रियांची मीमांसकांनी फार कसून चिकित्सा केलीय. दान म्हणजे एखाद्या वस्तूवरचं स्वतःचं स्वामित्व काढून घेणं आणि दुसऱ्याचं निर्माण करणं. तेव्हा पहिली अट, स्वामित्व हवं. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात विश्वजित यागाची चर्चा येते. त्या यागात यजमानानं सर्वस्व द्यायचं असतं. मग शंका काढली, आईबाप द्यायचे का? 'माझे' आईबाप म्हणतोच की आपण. उत्तर, नाही. तो 'माझे' नात्याचा आहे, मालकीचा नाही. पुढची शंका, राजानं भूमी द्यायची का? नाही. राजा भूमीचं रक्षण करतो, म्हणून तो तिचा मालक ठरत नाही, ती तिच्यावर राहणाऱ्या सगळ्यांची. धर्म म्हणून सेवेला आलेला माणूस? तोही देता येत नाही.

मीमांसकांनी त्या यादीत हत्ती घातलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. गाय ते देतातच. पण गाय आणि हत्ती यांत एक फरक आहे. गाय, घोडा, शेळी हे प्राणी माणसानं हजारो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गोठ्यात वाढवून घडवले. हत्तीच्या बाबतीत ते कधी झालंच नाही. बंदिवासात त्याची वीण फार थोडी, त्यामुळं पिढी संपली की पुन्हा रानातून पकडून आणायचा. 'पाळीव हत्ती' या शब्दाचा खरा अर्थ 'पकडलेला हत्ती'. कायदाही त्याला पाळीव मानत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो १९७७ पासून आहे, आणि २०१० मध्ये तर आपण त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून मिरवलं. तेव्हा 'माझा हत्ती' यातला 'माझा' कुठल्या जातीचा, हा जैमिनीचाच प्रश्न आहे. रानातून, आईपासून उचललेलं जे आहे ते माझं कसं? आणि माझं नसेल तर ते देवाला देण्याचा मला अधिकार कुठला? ज्या क्रियेची पहिलीच अट पुरी होत नाही तिला शास्त्राच्या भाषेत दान म्हणता येत नाही. पुण्य तर नंतरची गोष्ट.

आणि गंमत बघा, २०२२ साली त्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालकीचं प्रमाणपत्र असेल तर धार्मिक किंवा इतर कारणासाठी हत्ती हलवायची वाट मोकळी झाली. 'धार्मिक किंवा इतर'! ज्या मसुद्यात 'इतर' या शब्दाला अडवणारं काही नाही, त्यात 'धार्मिक' हा शब्द झूल पांघरल्यासारखा आहे. नांदणीच्या बाजूनं आणि विरुद्ध एवढं बोललं गेलं, या ओळीवर किती जण बोलले?

केरळाबद्दल थोडक्यात. गुरुवायूरचा केशवन १९२२ साली निलांबूरच्या राजानं देवाला दिला, १९७६ साली एकादशीच्याच दिवशी गेला, आणि लोकांच्या मनात तो जवळजवळ संत आहे. मला त्या भक्तीबद्दल आदर आहे. पण एका केशवनच्या कीर्तीवर बाकीच्या शेकडो हत्तींचे उन्हातले डांबरी रस्ते आणि फटाके झाकता येत नाहीत. २०२३ साली त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली इथल्या कृष्णमंदिरात यांत्रिक हत्ती आणला, अकरा फूट उंचीचा, कान हलवणारा. त्यावर पुष्कळ टिंगल झाली. मला त्याचे हलणारे कान जरा पोरकट वाटतात, खरं सांगतो. पण तत्त्व म्हणून त्यात वावगं काय? मातीच्या गोळ्यात आपण गणपतीचं आवाहन करतो आणि दीड दिवसानं विसर्जन करतो. सुपारीत देव मांडतो. ज्या धर्माला प्रतिमेचं एवढं सखोल शास्त्र आहे त्याला वाहनाची प्रतिमा चालत नाही असं म्हणणं हे शास्त्र न वाचल्याचं लक्षण आहे. तुळजापूरच्या पुजाऱ्यांनी ते कधीच सोडवून ठेवलंय, विजेच्या मोटारीवाचून.

एक माणूस या सगळ्यात राहून गेला, माहूत. रामकृष्ण परमहंस एक दृष्टान्त सांगत. गुरूनं शिष्याला शिकवलं, सगळ्यात नारायण आहे. शिष्य रस्त्यानं चाललाय, समोरून मस्तवाल हत्ती येतोय, वर बसलेला माहूत ओरडतोय, बाजूला हो. शिष्य म्हणतो, हत्तीही नारायण, मी कशाला हटू? हत्तीनं उचलून फेकला. गुरू म्हणाले, अरे, हत्ती नारायण, पण माहूतही नारायणच की, त्या नारायणाचं का ऐकलं नाहीस? आपल्या चर्चेत मठ बोलतो, संस्था बोलते, वकील बोलतात. हत्तीणीजवळ रात्री झोपणारा तो एक माणूस, बहुतेक वेळा गरीब, बऱ्याचदा मुसलमान, पगार तुटपुंजा, त्याला कुणी विचारत नाही. हत्ती हलला की त्याचं काय होतं हे कुठल्या आदेशात असतं? अंकुश त्याच्या हातात असतो म्हणून दोषही त्याच्याच हातात देऊन आपण मोकळे होतो.

वेळ झालीय याची मला कल्पना आहे, अध्यक्ष घड्याळ बघतायत. प्रश्न असतील तर घेऊ या.

[श्रोत्यांमधून प्रश्न : सर, मग माधुरी नांदणीला परत यावी की येऊ नये? सरळ सांगा.]

सरळ सांगतो. नांदणी परिसरात खरोखर केंद्र झालं, तिथं माती असेल, तळं असेल, चोवीस तास पशुवैद्य असेल आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या हत्तिणी असतील, तर यावी. आनंदानं यावी. गावानं लांबून बघावं. तिची मिरवणूक नाही, साखळी नाही, भाड्यानं कुठल्या सणाला पाठवणं नाही, मग तो सण कुणाचाही असो. यातली एक अट जरी पुरी होत नसेल तर येऊ नये. आणि तिच्यामागं मठानं दुसरं पिल्लू आणू नये. ही शेवटची अट मी सगळ्यात वर ठेवीन.

[प्रश्न : गणपतीला हत्तीचं तोंड आहे. हत्ती देवळाजवळ असला तर लहान मुलांना देव जवळचा वाटतो. ते संस्कार कुठून येणार?]

ताई, माझी नातवंडं पुण्यात असतात, त्यांनी हत्ती फक्त पुस्तकात आणि पडद्यावर बघितलाय. गणपती आणायच्या दिवशी त्यांचा उत्साह बघायला या तुम्ही. आणि खरा हत्ती दाखवायचाच असेल तर आता तो महाराष्ट्रात आपणहून आलाय. २००२ पासून दोडामार्गाकडं कर्नाटकातून येतोय, २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडातून कळप उतरलाय. तिथले शेतकरी केळी, माड, भात तुडवलं म्हणून रात्र रात्र जागतायत, आणि नुकसानभरपाईसाठी खेटे घालतायत. देवळातल्या हत्तीसाठी जो पैसा आणि जी माया आपण खर्च करतो, त्यातली थोडी त्या शेतकऱ्याच्या भरपाईकडं वळवता आली तर बघा. हे बोलायला सोपं आहे, मला माहीत आहे. दोडामार्गच्या माणसाला मी इथं धाराशिवात बसून हत्तीवर प्रेम कर असं सांगणार नाही.

[प्रश्न : लेण्यांवरचं ते वारूळ आज दाखवता येतं का?]

नाही. काव्य आहे ते, मोजणीचा नकाशा नव्हे. पण लेणी आहेत, पार्श्वनाथाची मूर्ती आहे, आणि डोंगरावरून खाली बघितलं की पूर्वी इथं हत्तीला पुरेल एवढं पाणी आणि झाडी असेल का, असा प्रश्न पडतो. पावसाळ्यानंतर जा, उन्हाळ्यात तिथं उभं राहवत नाही.